सतराव्या दिवशी शेकर थांबला

8 ऑगस्ट 2019 च्या सकाळी आमच्या प्रयोगशाळेतील शेकर बंद पडला, तेव्हा त्यात 24 छोट्या कुप्या 37 अंश तापमानाला हलत होत्या आणि प्रयोगाचा तो सतरावा दिवस होता. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडून 55 फुटांच्या वर गेली होती, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली होता, कोल्हापुरात पेट्रोल-डिझेल मिळेनासे झाले होते आणि महाविद्यालयाच्या जनरेटरमधील डिझेल आदल्या रात्री संपले होते. आमची इमारत उंचावर असल्यामुळे पुराचे पाणी तिथवर आले नाही. वीज मात्र गेली. मी पोहोचले तेव्हा कुप्यांतील द्रावणाचे तापमान 26 अंशांवर उतरले होते आणि तळाशी पांढरी पूड निवांत बसली होती. अठ्ठावीस दिवसांचा प्रयोग सतराव्या दिवशी अकरा तास थंड पडला, तर पुढचे आकडे कोणत्याही प्रामाणिक आलेखावर मांडता येत नाहीत. मी वहीत वेळ लिहिली, त्याखाली रेघ ओढली आणि कुप्या बाहेर काढल्या.

ती पांढरी पूड म्हणजे पीएलजीए या पॉलिमरचे सूक्ष्म गोल होते आणि त्यांच्या पोटात टॅक्रोलिमस हे औषध कोंडलेले होते. लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल यांच्या साखळीतून हा पॉलिमर तयार होतो. शस्त्रक्रियेत वापरले जाणारे, आपोआप विरघळणारे काही टाके याच कुळातले आहेत. शरीरात पाणी शिरले की साखळी हळूहळू तुटते, शेवटी तीच दोन आम्ले उरतात आणि शरीर त्यांची विल्हेवाट लावते. साखळी तुटता तुटता आतले औषध बाहेर झिरपावे, हा सगळा बेत. टॅक्रोलिमसचा शोध 1984 मध्ये जपानमधील त्सुकुबा पर्वताच्या पायथ्याच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून लागला. परका अवयव ओळखून त्याच्यावर तुटून पडणाऱ्या टी पेशींना जो रासायनिक हुकूम मिळतो, तो देणाऱ्या कॅल्सिन्युरिन या प्रथिनाला हे औषध आवर घालते. प्रत्यारोपणानंतर जगभरातील लाखो माणसे ज्या गोळ्यांवर जगतात, त्यांत हे नाव अग्रभागी आहे.

या औषधाचे नाव मी औषधनिर्माणशास्त्राच्या पुस्तकात वाचण्याआधी माझ्या आजोळी ऐकले होते. प्रयाग चिखलीचे माझे मामा ऊस लावणारे शेतकरी. 2013 मध्ये पुण्यात त्यांच्यावर मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले आणि मूत्रपिंड दिले ते आजीने, म्हणजे त्यांच्या आईने. तेव्हापासून त्यांच्या मोबाइलवर सकाळी नऊ आणि रात्री नऊ असे दोन गजर वाजतात. लग्नाच्या पंगतीत, ग्रामपंचायतीच्या सभेत, एकदा तर जोतिबाच्या पायऱ्यांवर तो गजर वाजला आणि मामांनी शर्टाच्या खिशातून डबी काढली. गणपतीच्या दिवसांत घरात पपनस सोलले जाते तेव्हा मामा उठून ओसरीवर जातात, कारण या वर्गातील फळांमुळे रक्तातील औषधाचे प्रमाण वाढू शकते आणि पपनस त्यांना जिवापाड आवडते. डॉक्टरांना रक्तात हे औषध साधारणपणे एका मिलिलिटरला 5 ते 10 नॅनोग्रॅम इतके हवे असते, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. कमी पडले तर शरीर मूत्रपिंड नाकारू लागते. जास्त झाले तर हात थरथरतात, साखर आणि रक्तदाब वाढतो. सर्वांत विचित्र गोष्ट ही, की ज्या मूत्रपिंडाला वाचवायचे त्यालाच ते इजा करते.

पीएच.डी.साठी विषय निवडताना मला हीच गोष्ट खटकत होती. औषध हवे असते ते परक्या ऊतीच्या आजूबाजूला, आणि आपण भिजवतो ते सगळे शरीर. पोटातून दिलेल्या टॅक्रोलिमसपैकी सरासरी चौथा हिस्साच रक्तात पोहोचतो आणि तोही माणसागणिक बदलतो. त्याऐवजी औषध धरून ठेवणारा एखादा पदार्थ थेट प्रत्यारोपित ऊतीशेजारी ठेवला आणि त्याने आठवडेच्या आठवडे थोडे थोडे औषध सोडले तर? ही कल्पना अर्थातच माझी नव्हती. पॉलिमरमधून मोठे रेणू दीर्घकाळ सोडता येतात, हे रॉबर्ट लँगर आणि जुडा फोकमन यांनी 1976 मध्येच दाखवले होते. हृदयाच्या धमनीत बसवण्याच्या औषधी स्टेंटमध्ये, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीत, सिरोलिमस वापरले जाते आणि तेही मूळचे ईस्टर बेटाच्या मातीतून आलेले, अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिले जाणारे औषध. ते औषध वेगळे काढणारे आणि कंपनीने प्रकल्प गुंडाळल्यावरही त्याची जिवाणू-संवर्धने जपून ठेवणारे सुरेंद्रनाथ सेहगल हे शास्त्रज्ञ बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले होते. हे वाचून मला उगाचच बळ आले होते, हे कबूल करते.

सूक्ष्म गोल बनवण्याची कृती कागदावर चार ओळींची आहे. पॉलिमर आणि औषध डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवायचे, ते द्रावण पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाण्यात ओतून होमोजनायझरने जोरात घुसळायचे, तयार झालेले दुधी मिश्रण रात्रभर ढवळत ठेवून डायक्लोरोमिथेन उडू द्यायचे आणि उरलेले गोल धुऊन गोठवून सुकवायचे. थेंब घट्ट होऊन गोल बनतो तो क्षण महत्त्वाचा. आजोळच्या गुऱ्हाळात गुळव्या काहिलीतल्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांत त्याची गोळी धरून पाहायचा आणि काहील कधी उतरवायची ते ठरवायचा. माझ्या कामात बोट घालायला जागा नव्हती, पण नजर तीच लागत होती.

पहिली चूक पॉलिमरची बाटली उघडण्यात झाली. पीएलजीए फ्रीझरमध्ये ठेवतात आणि बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तिचे झाकण उघडायचे नसते. मी जुलैच्या पावसात, हवा ओली चिंब असताना, घाईने झाकण फिरवले. थंड दाण्यांवर क्षणात दव जमले. दोन आठवड्यांनी पाहते तो दाणे एकमेकांना चिकटून त्यांची काकवीसारखी गुठळी झालेली. पाणी लागले की हा पॉलिमर तुटतो हे मी स्वतःच प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहिले होते. त्या एका ग्रॅमच्या बाटलीसाठी तीन महिने खरेदीच्या फायलीमागे फिरले होते, त्यामुळे मार्गदर्शक सरांना सांगायला मला दोन दिवस लागले. सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त फ्रीझरच्या दारावर स्वतःच्या अक्षरात ‘अर्धा तास थांबा’ अशी चिठ्ठी लावली. ती अजून तिथे आहे.

दुसरी अडचण मोजण्याची होती आणि तिने माझे पाच महिने खाल्ले. टॅक्रोलिमस अतिनील प्रकाश फार कमी शोषते, त्यामुळे प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या नेहमीच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर त्याचे मोजमाप भरवशाचे होत नाही आणि एचपीएलसी यंत्राकडे जावे लागते. हे यंत्र द्रावण कॉलम नावाच्या भरीव नळीतून दाबाने ढकलून त्यातले घटक वेगळे करते आणि प्रत्येक घटक आलेखावर एक शिखर म्हणून दाखवते. तिथेही माझ्या आलेखावर एका औषधाची दोन बसकी शिखरे दिसत. मी औषधात भेसळ आहे असे समजून पुरवठादाराशी पत्रव्यवहार केला, कॉलम बदलला, द्रावणे पुन्हा गाळली. शेवटी उमगले की हा रेणू द्रावणात एकापेक्षा अधिक रूपांत वावरतो आणि ती रूपे एकमेकांत बदलायला वेळ घेतात. कॉलम 60 अंशांपर्यंत तापवला की ती झपाट्याने बदलत राहतात आणि शिखर एकच होते. पुरवठादाराला मी माफीचे पत्र लिहिले नाही, लिहायला हवे होते.

मोजता यायला लागल्यावर खरी निराशा समोर आली. पहिल्या चांगल्या खेपेचे गोल मी 37 अंशांच्या द्रावणात सोडले. शरीरातील द्रवाशी मिळताजुळता पीएच 7.4 असलेले ते बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण, होते आणि औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नसल्यामुळे त्यात ट्वीन 80 हा साबणासारखा विरघळवायला मदत करणारा पदार्थ किंचित घातला होता. दुसऱ्या दिवशी पाहिले तर 41 टक्के औषध पहिल्या चोवीस तासांतच बाहेर पडलेले. याला आमच्या भाषेत बर्स्ट रिलीज म्हणतात. गोलाच्या पृष्ठभागावर आणि छिद्रांत अडकलेले औषध पाणी लागताच सुटते आणि मग उरलेले औषध आठवडाभर हलायचे नाव घेत नाही. महिनाभर पुरवून द्यायची शिदोरी पहिल्याच मुक्कामाला संपवावी, तसे हे. गोळ्यांच्या वेळा पाळण्याचे ओझे मामांच्या खांद्यावरून उतरवायला निघालेला पदार्थ स्वतःच वेळ पाळत नव्हता.

कारण शोधताना मला आमच्या खोलीचा उन्हाळा आठवला. डायक्लोरोमिथेन सुमारे 40 अंशांना उकळते आणि एप्रिलमध्ये कोल्हापुरात दुपारचा पारा त्याच्या आसपास घुटमळतो. बाटलीचे बूच उघडताना फस्सकन आवाज येतो. खोलीला वातानुकूलन नव्हते. द्रावक इतक्या घाईने उडत होते की गोलांना जागोजागी छिद्रे पडत होती. विद्यापीठात सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या छायाचित्रात माझे गोल जाळीदार अनारशासारखे दिसले. मग मी घुसळण बर्फाच्या भांड्यात केली, द्रावक पहिले काही तास थंडीतच सावकाश उडू दिले, तयार गोल तीनदा धुतले आणि दोन आम्लांचे प्रमाण 50:50 ऐवजी 75:25 असलेला, पाण्याला कमी दाद देणारा पॉलिमर घेतला. पहिल्या दिवशीचा आकडा 14 टक्क्यांवर आला. हीच ती खेप, जी 22 जुलै 2019 ला शेकरमध्ये लावली आणि पुराने सतराव्या दिवशी थांबवली.

त्याच दिवसांत मामांना चिखलीतून बोटीने बाहेर काढले गेले. त्यांनी सोबत आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आजीचा फोटो आणि गोळ्यांची डबी एवढेच होते. दोन दिवसांनी ते माझ्या घरी सागरमाळला पोहोचले तेव्हा डबीत चार दिवसांच्या कॅप्सूल उरल्या होत्या आणि ज्या पुण्याहून त्यांच्या गोळ्या येत, तिकडचा रस्ता बंद होता. राजारामपुरीतल्या तिसऱ्या औषध दुकानात एक पाकीट मिळाले आणि मी सुटकेचा श्वास टाकला. मला वाटत होते की धोका औषध कमी पडण्याचा आहे. प्रत्यक्षात घडले उलटेच. छावणीतल्या पाण्याने मामांना जुलाब सुरू झाले होते. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या हाती चहा दिला आणि कप बशीवर किणकिणू लागला. त्यांनी दुसऱ्या हाताने कप धरला, तर दोन्ही हात थरथरत होते.

जुलाबात आतड्याच्या अस्तरातली टॅक्रोलिमस अडवणारी आणि मोडणारी यंत्रणा दुबळी होते, त्यामुळे तीच गोळी नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात उतरते. हे मी वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण बशीचा आवाज ऐकेपर्यंत ते माझ्या डोक्यात आले नाही. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासले, पातळी 18 च्या वर निघाली, मूत्रपिंडाला त्रास होतोय हे दाखवणारे क्रिएटिनिनही चढले होते. पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून मात्रा उतरवली आणि दहा दिवसांत सगळे जागेवर आले. मामांना हे सगळे फार मोठे वाटले नाही. त्यांना काळजी होती ती आठ दिवस पाण्यात बुडालेल्या उसाची.

संध्याकाळी अंगणात बसल्यावर त्यांनी विचारले, “तू काय करतीस गं त्या कालेजात? औषध गोट्यांत भरतीस म्हणं?”

मी त्यांना ठिबक सिंचनाचे उदाहरण दिले. पाटाने पाणी सोडले की सगळे वावर भिजते, ठिबक फक्त बुडख्याशी पाणी देते. मामांनी ऐकून घेतले आणि थोड्या वेळाने म्हणाले, “व्हय, पन ठिबक तुंबलं तर नळी उपसून धुता येती. आनि एकदम सुटलं तर कॉक बंद करता येतोय. तुझं ते आत घातल्यावर बिघडलं तर कुठनं काढायचं?”

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. एवढे मात्र मी त्यांना स्पष्ट सांगितले की माझ्या कामाचा त्यांच्या मूत्रपिंडाला काही उपयोग होणार नाही. मूत्रपिंडातून सतत मोठा रक्तप्रवाह जातो, त्याच्याशी झुंजणाऱ्या पेशी साऱ्या शरीरात फिरत असतात, आणि एका कोपऱ्यात ठेवलेले औषध तिथे कितपत पुरेल याचा भरवसा नाही. हा मार्ग आधी लागू पडेल तो हात, त्वचा, डोळ्याचे बुबुळ अशा हाताशी असलेल्या ऊतींसाठी. “मग माज्यासाठी न्हाई तर कुनासाठी?” असे त्यांनी विचारले तेव्हा मी 2015 मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात झालेल्या, भारतातील पहिल्या दोन्ही हातांच्या प्रत्यारोपणाविषयी सांगितले. दुसऱ्याचे हात लावतात हे ऐकून ते आपल्या हातांकडे बघत राहिले.

शेकर पुन्हा सुरू झाल्यावर मी गोलांचा प्रयोग पहिल्यापासून लावला आणि तो पूर्णही झाला. आलेख ठीक आला, त्यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही. पण मामांच्या प्रश्नाने माझे लक्ष दुसरीकडे वळवले. पीएलजीएचा गोल एकदा भिजला की आपल्या चालीने चालतो. शेजारची ऊती शांत आहे की पेटली आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. 2014 मध्ये बर्न, बॉस्टन आणि बंगळूरच्या संशोधकांनी एक वेगळा पदार्थ वापरून दाखवला होता. बंगळूरचे प्रवीण वेमुला त्यांतले एक. खाद्यपदार्थांत चालणाऱ्या एका मेदजन्य रेणूचे त्यांनी जेल बनवले. एरवी ते जेल औषध घट्ट धरून ठेवते, आणि शरीर ऊतीवर हल्ला करू लागले की दाहात जी विकरे सुटतात तीच जेल कुरतडून औषध मोकळे करतात. एका जातीच्या उंदराचा मागचा पाय दुसऱ्या जातीच्या उंदराला जोडून त्यांनी त्या पायात हे जेल एकदाच टोचले आणि तो पाय शंभराहून अधिक दिवस टिकला.

प्रबंधाच्या दुसऱ्या भागासाठी मी तसेच जेल आमच्याकडे लावून पाहिले. पूड आणि औषध तापवून विरघळवायचे, थंड होऊ द्यायचे आणि कुपी उलटी करायची. जेल नीट लागले असेल तर ते कुपीच्या बुडाला चिकटून राहते, नाही तर सरळ झाकणावर येते. पहिल्या सात कुप्यांपैकी पाच झाकणावर आल्या. थंड होण्याचा वेग हळू केल्यावर, म्हणजे कुप्या गरम पाण्यातच ठेवून ते पाणी आपोआप निवू दिल्यावर, सगळ्या उलट्या कुप्या लोण्याच्या गोळ्यासारख्या पांढऱ्याफटक दिसू लागल्या. मग साध्या बफरमध्ये दहा दिवस ठेवलेल्या जेलमधून जेमतेम औषध सुटले, आणि अकराव्या दिवशी काही कुप्यांत लायपेज हे मेद तोडणारे विकर घातले तेव्हा दुसऱ्याच सकाळी एचपीएलसीचे शिखर कागदाबाहेर गेले. लायपेज न घातलेल्या कुप्या तशाच शांत होत्या. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटीच होते, आणि सांगायला कोणी नाही म्हणून शिपाईमामांना बोलावून दोन्ही आलेख दाखवले. ते म्हणाले, “दोन्ही सारखेच दिसतायत की मॅडम,” कारण मी कागद उलटे धरले होते.

नंतर टाळेबंदी आली, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. या खेपेला जनरेटरचे डिझेल मी स्वतः आधी भरून घेतले होते. प्रबंध 2022 मध्ये सादर झाला. माझे काम काचेच्या कुपीपर्यंतचेच आहे. प्राण्यांवर प्रत्यारोपण करण्याइतकी शस्त्रक्रियेची सोय आमच्याकडे नव्हती, आणि कुपीतले लायपेज म्हणजे माणसाच्या शरीरातला दाह नव्हे, हे मी प्रबंधात ठळक लिहिले आहे. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा काढून विचारले, “हा साठा आत गेल्यावर बिघडला, तर परत कसा काढणार?” मी हसले, आणि त्यांना ते उद्धट वाटले असावे. त्वचेखाली एका जागी टोचलेले जेल शस्त्रक्रियेने काढता येईल, पसरलेले सूक्ष्म गोल काढता येणार नाहीत, आणि म्हणून मी जेलच्या बाजूने आहे, असे उत्तर मी दिले. ते त्यांनी मान्य केले. प्रश्न चिखलीच्या एका शेतकऱ्याने तीन वर्षे आधी विचारला होता, हे मी सांगितले नाही.

मामांच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी त्यांना दिवसातून एकदाच घ्यायचे, सावकाश सुटणारे टॅक्रोलिमस सुरू केले. त्यातही औषध पॉलिमरमध्येच धरलेले असते, फक्त ते आतड्यात सुटते. सकाळचा गजर राहिला, रात्रीचा मामींनी मोबाइलमधून काढून टाकला. तरी रात्री नऊच्या सुमारास मामांचा हात खिशाकडे जातो, डबी बाहेर येते, आणि ते मामींना विचारतात, “सकाळची घेतली न्हवं मी?”